कडी काढणारी बाई

जाहीर सूचना. तमाम पालक, प्रशिक्षक, पंच, पदाधिकारी, माजी खेळाडू, आजी-आजोबा आणि मैदानाच्या कट्ट्यावर विनाकारण बसणारे सर्व सद्गृहस्थ यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुढे जिची हकीकत येणार आहे ती बाई आपणा सर्वांवर संशय घेते. आपण कितीही सज्जन असलात तरी घेते. फार सज्जन असलात तर थोडा जास्त घेते. हे तिचे अधिकृत काम असून त्याबद्दल तिला दरमहा मानधन मिळते. तरी कोणीही मनाला लावून घेऊ नये. घेतल्यास तशी नोंद गेटवरच्या वहीत करून खाली सही करावी.

ती बाई म्हणजे मी. वय बावन्न, गुडघ्यांचं वय बासष्ट. कल्याणच्या एका शाळेत वीस वर्षं शिट्टी वाजवली, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या मागोमाग मी. आता चार वर्षं झाली, डोंबिवली पश्चिमेच्या एका क्रीडा मंडळात मी ‘बालसुरक्षा अधिकारी’ आहे. हे पद ऐकून लोकांना वाटतं, मी मुलांना डोस पाजते. मुलं मला ‘कडीमॅडम’ म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे. कारण रुजू झाले त्या दिवशी मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि जिथे जिथे एक मोठं माणूस आणि एक मूल दार लावून बसू शकतं, त्या प्रत्येक खोलीची आतली कडी काढून टाकली. साहित्याची खोली, प्रशिक्षकांची खोली, मलमपट्टीची खोली, चिटणिसांचं ऑफिस. एकूण नऊ कड्या निघाल्या. त्या माझ्या घरी चकलीच्या जुन्या डब्यात आहेत. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीची कडी मात्र कित्येक वर्षं मोडलेली होती आणि पोरी दाराला ओढणी बांधून काम भागवत होत्या. तिथे मी स्वतःच्या हाताने नवी कडी बसवली. ज्या मंडळात चिटणिसाच्या दाराला दोन कड्या आणि मुलींच्या दाराला ओढणी, ते मंडळ कुणाच्या सोयीने चाललंय हे सांगायला अधिकारी लागत नाही.

आठच दिवसांनी मी नियमाप्रमाणे, न ठोठावता, चिटणिसांच्या ऑफिसचं दार ढकललं. चिटणीस एका पायावर उभे. दुसरा पाय पँटच्या वाटेवर. त्या दिवशी त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं म्हणे. मी म्हटलं, सर, मोठ्यांनी कपडे घरून बदलून यावेत. त्यांनी पुढच्या बैठकीत माझ्याविरुद्ध ठराव मांडला. तो बारगळला, कारण ठरावात कारण काय लिहायचं यावर त्यांचंच एकमत होईना.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते बाहेरच्या माणसाला सांगते. मैदानावर मूल आलं की ते घराबाहेर असतं, शाळेबाहेर असतं, आणि त्याच्या अंगाला हात लावून शिकवणारं एक मोठं माणूस तिथे असतं. पाय असा टाक, कंबर अशी वळव. त्या माणसाच्या हातात मुलाची सगळ्यात लाडकी गोष्ट असते, संघातली जागा. पोर त्या जागेसाठी काहीही सोसतं आणि घरी काहीही लपवतं. म्हणून आमचे नियम: एका मोठ्याने एका मुलाला एकटं कुठेही न्यायचं नाही. दार लोटलेलं चालेल, लावलेलं चालणार नाही. मेसेज करायचा तर ग्रुपवर, जिथे आईवडील वाचतात. मालीश, पट्टी, बर्फ, जे काय असेल ते उघड्यावर आणि दोघांदेखत. भेटवस्तू द्यायची तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. आणि ज्या गोष्टीच्या शेवटी ‘घरी सांगू नकोस’ येतं, ती गोष्ट चॉकलेटची असली तरी मला कळली पाहिजे.

नियम ऐकून पालक खूश होतात असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक दिवस माझ्या स्टुलावर बसावं. एक आई आली, म्हणाली, तुमचे सर मारतच नाहीत, मग शिकवतात कसे? तिला लेखी हवं होतं की आठवड्यातून दोनदा तरी तिच्या मुलाला फटके पडतील. एक वडील रोज कुंपणाला मोबाइल टेकवून मुलींचा सराव चित्रित करायचे. आपल्या मुलीचा नव्हे, सगळ्यांचा. हटकलं तर म्हणाले, मी बाप आहे. मी विचारलं, किती जणींचे? ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि चित्रणही करत नाहीत. दोन्ही गोष्टींनी माझं काही बिघडलेलं नाही.

मुख्य हत्यार म्हणजे वही. जाड, लाल पुठ्ठ्याची, सुतळीने गेटवरच्या स्टुलाला बांधलेली. तिची राखण पवारमामा करतात. मामा आमचे वॉचमन, मूळचे साताऱ्याकडचे, कमी बोलणारे, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं गोल. आईवडिलांखेरीज कुणीही मुलाला गेटबाहेर नेलं, तर त्याने वहीत लिहायचं: कुणाला, कुठे, सोबत अजून कोण, घरी कुणाला फोन केला. खाली सही. प्रशिक्षकांच्या सह्या आहेत, रिक्षावाल्या काकांच्या आहेत, एका नगरसेवकाच्या मेहुण्याची आहे, तीही कुरकुरत केलेली.

अप्पांची नव्हती.

अप्पा कोण ते सांगायला हवं. मंडळाचे ज्येष्ठ विश्वस्त, पासष्टीचे. जुने खो-खोपटू. मैदानावर इमारत उठणार होती तेव्हा अर्ज-विनंत्या करून करून त्यांनी ती जागा वाचवली. कुणाच्या पोराला फी परवडत नसेल तर अप्पा, कुणाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर अप्पांची पांढरी गाडी. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मला या पदावर त्यांनीच आणलं. स्वतः घरी आले, चहा घेतला, म्हणाले, बाई, जग बदललंय, मुलांवर कुणाचं तरी लक्ष हवं आणि तुमच्याइतकं संशयी माणूस माझ्या पाहण्यात नाही. मी हे आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक समजले. वही सुरू झाली तेव्हा पवारमामांनी मला विचारलंही होतं, अप्पांची सही घ्यायची का? मी हसले. म्हटलं, मामा, काहीतरीच काय. त्यांनीच ही वही सुरू करून दिली म्हणा ना. आपल्याकडे मोठ्या माणसाला नियम लावला की नियमाचा नव्हे, माणसाचा अपमान होतो. चारपाच मुलं गाडीत कोंबून अप्पा निघाले की मी गेटवरून हात करायचे. तेही करायचे.

आता माझ्या संशयाचा खरा मानकरी. गणेश. खो-खोचा प्रशिक्षक, सव्वीस वर्षांचा, विठ्ठलवाडीचा. मानधनावर. दाढी कोरलेली, बाइकचा आवाज दोन गल्ल्या आधी येणारा, बोलण्यात निम्मी हिंदी. ‘ए चल ना, टाइमपास नको, भाग भाग भाग.’ पालकांना तो पहिल्या दिवसापासून खटकला आणि खरं सांगायचं तर मलाही. त्याच्या खोलीची कडी काढताना तो शेजारी उभा राहून बघत होता आणि म्हणाला, मॅडम, बिजागऱ्या पण काढा, हवा येईल. असल्या माणसावर मी बारीक लक्ष ठेवते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रज्ञा बदलली. हे तिचं खरं नाव नाही. हा लेख लिहू का असं मी तिला आणि तिच्या आईला विचारलं तेव्हा ‘लिहा, पण नाव मी ठरवणार’ म्हणून तिनेच हे दिलं. बाकी नावंही मी बदलली आहेत. तेरा वर्षांची, कोपरला राहणारी. वडील फिरतीच्या नोकरीवर, आई कळव्याला एका दवाखान्यात आया, पाळ्या बदलत्या. खांबाजवळ सूर मारून गडी टिपण्यात या पोरीचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. तोंडही तसंच. मैदानाच्या या टोकाला ती हसली की त्या टोकाला पवारमामा दचकायचे. कळव्याला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती आणि त्यातून तिची निवड होणार हे सगळे धरून चालले होते.

ती एकाएकी गप्प झाली. सराव संपला की मुली एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायच्या आणि ही भिंतीकडे तोंड करून फोन बघायची. मग एक दिवस पायात नवे बूट, महागातले. मी तिच्या आईला सहज विचारलं. त्या म्हणाल्या, मंडळाने दिले ना, मॅडम? मी ‘हो हो’ म्हणाले आणि मनात तारीख टिपली, कारण मंडळाने आजवर कुणाला नाडीसुद्धा दिलेली नाही.

नवे बूट, फोन, गप्प पोर. माझ्या धंद्यात ही तीन एकत्र आली की चौथा कोण ते शोधायचं. मी शोधलाच होता. गणेश! पुरावा? एकदा तो प्रज्ञाशी बाजूला उभा राहून हळू आवाजात बोलत होता. हळू आवाजात, गणेश! त्याला हळू आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं. शिवाय खिशात छोटी डायरी. मी दिसले की तो ती बंद करायचा.

मग मी पाळत सुरू केली. नारळपाणीवाल्याच्या गाडीमागे उभी राहिले. त्याने चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी म्हणाला, बाई, एक तरी नारळ घ्या. मग पाण्याच्या टाकीआडून. तिथून मैदान छान दिसतं, पण मैदानावरून टाकीआडची बाईही छान दिसते, हे मला नंतर कळलं. गणेश मधूनच माझ्याकडे बघायचा आणि डायरीत काहीतरी लिहायचा. मला वाटलं, निर्लज्जपणाची कमाल आहे.

शेवटी एका संध्याकाळी मी त्याला ऑफिसात बोलावलं. दार सताड उघडं. पवारमामांना साक्षीदार म्हणून आत बसवलं आणि चहा दिला, म्हणजे ते का बसलेत हे कुणी विचारणार नाही. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, डायरी टेबलावर ठेव.

त्याने ठेवली. लगेच. मला जरा वाईटच वाटलं, कारण मी पुढची तीन वाक्यं तयार करून आले होते.

डायरीत बारीक अक्षरात नोंदी होत्या. मंगळवार, सव्वासहा, अप्पांची गाडी, प्रज्ञा पुढच्या सीटवर, एकटी. रिद्धी शेजारचीच, पण तिला ‘जागा नाही’ म्हणाले. शुक्रवार, नवे बूट, विचारलं तर बोलत नाही. सोमवार, गाडी कोपरला न वळता खाडीकडे गेली, मी बाइकवर मागे गेलो, वीस मिनिटं थांबलेली, मी हॉर्न वाजवत राहिलो, मग निघाली. आणि गुरुवारची एक ओळ: ‘परत गाडी. मॅडम गेटवर. बघितलं. हात केला.’

ती ओळ मी तीनदा वाचली.

खो-खो न खेळलेल्यांसाठी एक सांगते. आपल्या बसलेल्या गड्याला उठवायचं तर पाठीमागून हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. नुसता हात लावला आणि तोंडाने म्हटलं नाही, तर ती चूक. मी गणेशला तेच ऐकवलं. म्हटलं, महिनाभर हात लावून उभा आहेस, तोंडाने खो का नाही दिलास?

“दिलेला मॅडम,” तो म्हणाला. “मी तुम्हाला विचारलेलं, वहीत सगळ्यांची सही लागते ना? तुम्ही बोललात, हो रे, अप्पा सोडून. मग मी काय समजायचं? तुम्हाला त्यांनीच आणलंय. मला वाटलं, तुम्हाला माहितीय.”

मी त्याच्यावर पाळत ठेवून होते आणि तो माझ्यावर. डायरीतली निम्मी पानं माझी होती. ‘मॅडम टाकीमागे. कुणासाठी बघतात?’ दोन संशयी माणसं एकमेकांना टिपण्यात इतकी रंगली होती की मधून पांढरी गाडी रोज आरामात जात होती.

त्याने हेही सांगितलं की त्याला भीती होती. विठ्ठलवाडीचा पोरगा, मानधनावरचा, अप्पांविरुद्ध बोलला तर उद्या त्याचीच चौकशी झाली असती आणि चौकशी करणारी बाई टाकीमागे उभीच होती. खरंच होतं. एखाद्या आईने त्याच्याविरुद्ध चार ओळी लिहून दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने फाइलला लावल्या असत्या.

पुढचं काम भराभर आणि हळू, दोन्ही करावं लागतं. भराभर म्हणजे त्याच संध्याकाळी प्रज्ञाच्या आईला भेटायचं. हळू म्हणजे पोरीला प्रश्नांचा मारा करायचा नाही. मूल काही सांगत असेल तर ऐकायचं, त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावं लागतंच. तिच्या कोपरच्या घरी मी, तिची आई आणि ती अशा बसलो. मी इतकंच म्हटलं की चूक माझी आहे, मी एका माणसाला नियमातून सोडलं. प्रज्ञाने बराच वेळ चटईचा धागा ओढला. मग फोन उघडला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

मेसेज गोड होते. मी पाहिलेले असले सगळे मेसेज गोडच असतात. तू बाकीच्यांसारखी नाहीस. बूट आवडले का, आईला मंडळाचे म्हणून सांग. हे आपल्या दोघांतच. आणि शेवटचा, आदल्या दिवशीचा: निवड माझ्या शब्दावर आहे, विसरू नकोस, रविवारी सरावाला एकटीच ये. तिने रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. त्यापायी जिल्ह्याचा संघ जाणार, हेही तिने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. तेरा वर्षांची पोर हा हिशोब एकटी भिंतीकडे तोंड करून करत होती आणि मी तेव्हा नारळपाणीवाल्यामागे गणेशची दाढी बघत होते.

तिच्या आईंनी पदराने फोनची काच पुसली, तो पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, मॅडम, चला. कुठे ते विचारायची गरज नव्हती. या बाबतीत कायदा अगदी साधा आहे. शंका आली की पोलिसांना कळवायचं. खरंखोटं करत बसणं हे आपलं काम नाही, मंडळाचं तर अजिबात नाही. पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्यांनी आम्हाला बसवून नीट ऐकून घेतलं. तिथून पुढचं त्यांचं आणि न्यायालयाचं. ते अजून चालू आहे, म्हणून मी त्यावर लिहीत नाही. संशय घेणं माझं काम. निकाल देणं माझं नाही, हे मला गणेशने शिकवलं आहे.

मला मंडळाच्या बैठकीबद्दल लिहायचं आहे. सात ज्येष्ठ, सगळे पांढऱ्या केसांचे, सगळे दुखावलेले. प्रज्ञाबद्दल? छे. आधी मंडळाच्या नावाबद्दल. प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला: पण काही झालं का? एकाने हळू विचारला, एकाने टेबलावर हात आपटून विचारला, चिटणिसांनी, ज्यांना माझ्याबद्दल आधीच प्रेम होतं, तीनदा विचारला. मी म्हटलं, काही व्हायच्या आधी पोचणं हेच तुम्ही मला नेमून दिलेलं काम आहे, आणि तेही मी केलेलं नाही, गणेशच्या हॉर्नने केलंय. मग एकजण म्हणाले की अप्पा सगळ्या मुलांना नातवंडं मानतात. मी विचारलं, मग गाडीत एकच नातवंड का बसायचं? त्यावर बैठक बराच वेळ खाकरली.

अप्पांचा मला एकदाच फोन आला. आवाज नेहमीसारखाच मायेचा. म्हणाले, बाई, तुम्हाला त्या खुर्चीवर मी बसवलं. मी फोन ठेवून दिला आणि तो आल्याचं पोलिसांना कळवलं. मी, जिला प्रत्येक गोष्टीवर टोला सुचतो, ती फोनच्या या टोकाला मुकी उभी राहिले. उत्तरं नंतर पोळ्या लाटताना सुचली, चांगली पाच-सहा. एक आजही जिभेवर आहे, पण ते सांगत नाही. मात्र एक विचार अजून मला सोडत नाही. संशयी बाई शोधून आणायचं त्यांना का सुचलं असेल? भलेपणाने? की जी बाई आपले उपकार मानते, ती आपल्याकडे सोडून सगळीकडे बघेल, हे त्यांना आधीच कळलं होतं? याचं उत्तर मला मिळणार नाही. नऊ कड्या काढल्या आणि दहावी माझ्याच डोळ्यांना आतून लावलेली होती.

प्रज्ञा तीन आठवडे मैदानावर आली नाही. तिला समुपदेशक बाईंकडे न्यायला तिच्या आई पाळी बदलून घ्यायच्या. कळव्याची निवड कुणा एकाच्या शब्दावर नसते, तीन निवडकर्ते असतात, हे गणेशने तिच्या घरी, तिच्या आईसमोर, उंबऱ्याबाहेर चप्पल न काढता उभं राहून सांगितलं. आत या म्हटलं तर म्हणाला, नको ताई, मॅडम टाकीमागे असतील. मी खरंच खाली होते. पण या वेळी त्यानेच बोलावलं होतं म्हणून.

चौथ्या आठवड्यात पोर आली. जुने बूट घालून. कळव्याच्या मैदानावर तिने खांबाजवळ असा सूर मारला की कोपर सोललं आणि प्रतिस्पर्धी संघाच्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या. निवड झाली. पट्टी बांधताना मी तिथे, गणेश तिथे, दुसऱ्या मुलीची आई तिथे. इतके लोक बघून प्रज्ञा म्हणाली की आता तिकीट लावा. ती हसली तेव्हा आमच्यासोबत आलेले, दूर बसलेले पवारमामा दचकले. मला फार बरं वाटलं.

डोंबिवलीला परत येऊन सगळी मुलं आमच्या मैदानावर उतरली. आयाबाया गेटवर जमलेल्या, कुणी पेढे वाटत होतं. तेवढ्यात प्रज्ञाच्या आईचा फोन आला की दवाखान्यात सुटका होत नाहीये, तासभर लागेल. मी म्हटलं, काळजी करू नका, मी रिक्षाने सोडते, प्रज्ञा आणि शेजारची रिद्धी दोघींनाही. त्या हो म्हणाल्या. सगळं नियमाप्रमाणे. दोन मुली, घरी फोन झालेला, भर गर्दीतून, उजेडात. मी दोघींना घेऊन ऐटीत निघाले. माझ्याकडे बघून पवारमामांनी स्टुलावर बसल्याबसल्या सलाम ठोकला. लाल वही मांडीवर मिटलेलीच. त्यांनी ती उघडली नाही, पेनही पुढे केलं नाही. मीही थांबले नाही. माझी वही, माझा नियम, माझी सही कशाला?

रिद्धी गेटबाहेर गेली, मी गेले. प्रज्ञा आतच थांबली. मी म्हटलं, चल गं, रिक्षा जाईल. ती हलेना. सगळ्या आया बघायला लागल्या. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि बोलू की नको असं तिचं चाललेलं स्पष्ट दिसत होतं. मग तिने पवारमामांच्या मांडीवरची वही ओढून घेतली, सुतळी ताणली जाईपर्यंत माझ्यापुढे धरली आणि अख्ख्या गेटला ऐकू जाईल असं बोलून गेली,

“मॅडम, आधी सही करा ना. चांगले तर अप्पा पण होते.”